गाऊनच्या पाठीवरची पिशवी

दुकानात तो शिरला तोच मुळी पाठमोरा.

“जरा बघता का? मागे काहीतरी टर्रकन फाटलं... कोर्टाच्या दाराची कडी! आणि जजसाहेब आत्ता येऊन बसतील!”

कोर्टासमोरचं ते शिलाईचं दुकान तिच्या वडिलांचं, आबांचं. पण वकिलांचे काळे गाऊन शिवायची ती. तिनं पाहिलं. गाऊनच्या डाव्या खांद्यामागे एक इवलीशी पिशवी असते, ती उसवून लोंबत होती. तिनं कात्री उचलली.

“कापूनच टाकते. नाहीतरी हिचा उपयोग काय?”

“अहो, नको!” तो असा गर्रकन वळला की कात्री थेट त्याच्या नाकासमोर. डोळे मात्र... हसरे होते. तिचा हात उगीचच थबकला.

“जुन्या इंग्लंडात वकिलानं फी मागणं कमीपणाचं होतं,” तो घाईघाईनं सांगू लागला. “नाही मिळाली तर दावाही लावता यायचा नाही. अशिलानं मागून गुपचूप या पिशवीत काय ते टाकायचं, वकिलानं वळून बघायचं नाही – असं म्हणतात. तो काळ गेला, पिशवी तेवढी आमच्या पाठीवर राहिली.”

अशा शेकडो पिशव्या तिनं शिवल्या होत्या, पण हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

“मग तुमच्या पिशवीत काय काय पडलं?” दातात दोरा धरून तिनं विचारलं.

“अजून काहीच नाही. माझे अशील माझ्याहून लाजाळू!”

ती खुदकन हसली. संध्याकाळी तो आभार मानायला आला, आबांनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्याचं बटण तुटलं. मग कॉलर उसवली. मग पुन्हा बटण...

“वकीलसाहेब, बटणं तुटतात की तोडता?”

“सिद्ध करा! तोवर मी निर्दोष. हाही नियम तिकडूनच आलाय.”

“आणि रोजचा चहा?”

“तिथल्या न्यायाधीशांची रीत! एकदा निकाल दिला की तशाच पुढच्या खटल्याला तोच लागू. आपलं कोर्ट आजही त्याच वाटेनं जातं. काल चहा मिळाला, म्हणजे आज नाकारता येणार नाही!”

असं सगळं छान चाललं होतं, आणि आबांच्या मित्रानं आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. मुलगा चांगला होता. “रविवारी उत्तर द्यायचंय,” आबा म्हणाले. “मनात दुसरं कुणी असेल तर आत्ताच सांग, बाळा.” काय सांगणार कपाळ! ज्यानं बोलायचं तो इंग्लंडच्या राजाराण्यांपर्यंत सगळं बोलत होता, तेवढं एक सोडून.

सकाळी तो इस्त्रीचा गाऊन न्यायला आला, तेव्हा तिनंच विषय काढला. “मला मागणी आलीय. रविवारी उत्तर द्यायचंय.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “अ... अभिनंदन,” तो म्हणाला, गाऊन अंगात चढवला आणि वळला.

अभिनंदन! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याची पाठ दिसली आणि डोळे भरून आले. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पितळी अंगुस्तान – आईचं, कुणाला हात लावू न दिलेलं – तिनं झटकन काढलं आणि हळूच त्या पिशवीत सोडलं.

त्यानं वळून पाहिलं नाही.

दिवसभर सुई बोटाला टोचत राहिली. त्याला कळेल का? आपल्याच पाठीवर कोण बघतं? गाऊन तसाच खुंटीला अडकवून घरी गेला तर? शिवण वाकडीच जात होती.

कोर्ट सुटलं. आणि रस्ता ओलांडून तो धावत आला – गाऊन फडफडतोय, करंगळीत अंगुस्तान!

“खुर्चीत टेकलो तर पाठीला टोचलं,” तो धापा टाकत म्हणाला.

“अशिलानं टाकलं असेल.”

“मी मागितलं नव्हतं.”

“तुमच्यात मागायची पद्धत नाही ना!”

“नाही. पण मी मागतोय.” त्यानं गाऊन सावरला. “कोर्टात तासभर बोलतो मी, आणि इथे... तुम्ही मला फार आवडता. पहिल्या दिवसापासून. माझ्याशी लग्न कराल?”

“हो,” ती म्हणाली. मग ऐकू गेलं नसेल तर, म्हणून मोठ्यानं, “हो म्हणतेय ना!”

आबांनी मशीनवरून मान वर केली नाही. “मित्राला मी सांगतो काय ते. आणि वकीलसाहेब, आता बटणं पुरे.”

लाजेनं लालबुंद होत तिनं हात पुढे केला. “द्या माझं अंगुस्तान.”

त्यानं ओढलं. पिळलं. साबण लावून पाहिला. अंगुस्तान काही केल्या निघेना!

“राहू दे,” ती म्हणाली. “पण शिवायला मला ते रोज लागतं. रोज यावं लागेल तुला... बोटासकट!”