पाखडणी

संदेश-छाननी केंद्राच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी डॉ. कुमुद पांढरीपांडे चोराला शिव्या देत होत्या. शिव्यांचा साठा तुटपुंजा असल्यामुळे त्याच त्याच पुन्हा देत होत्या.

"मेल्यांनो, माझ्याच दारात येता? आणि तेही यमुनेच्या नावानं?"

पडद्यावर छाननी-यंत्रानं अडवलेला एक संदेश तांबड्या चौकटीत अडकून पडला होता. कुमुदताईंचा सहकारी इब्राहिम तांबोळी तो दाखवायला मुद्दाम बोलावून घेऊन आला होता. आवाज-विभागातून इकडे येऊन त्याला महिनाच झाला होता, त्यामुळे चोर पकडला गेला की अजून त्याला आनंद व्हायचा.

"वाचा तर, मॅडम. चोरानं नेमकं यंत्राच्या आईलाच गाठलं."

कुमुदताईंनी वाचलं. 'कुमुद. पडले. बॅग ओढून नेली. पोटात रक्त आहे म्हणतात. ऑपरेशन. आधी पैसे मागतात. पाठव. आईला सांगू नको. फोन नाही. पाठव.' खाली जॉर्जियातल्या एका इस्पितळाचं नाव आणि खातं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणा अनोळखी माणसाचा होता.

"अमक्याला सांगू नको! सगळ्या चोरांचं हे लाडकं वाक्य," कुमुदताई म्हणाल्या. "यमुना परदेशात आहे हेसुद्धा शोधून काढलंय."

यमुना देवपुजारी म्हणजे त्यांची वसतिगृहातली मैत्रीण. निवृत्त झालेली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. आपण मसाल्यात टाकतो त्या दगडफुलाच्या जातींवर तिनं आयुष्य घालवलं होतं आणि आताही ती त्याच वेडापायी जॉर्जियाच्या डोंगरांत हिंडत होती. तिच्या नावानं कुणी भीक मागावी याचा कुमुदताईंना मनस्वी संताप आला.

या संतापातूनच तर केंद्र उभं राहिलं होतं. कुमुदताईंच्या शाळेच्या मुख्याध्यापिका नलूताई डबीर यांना एका भामट्यानं असाच मैत्रिणीच्या नावानं ईमेल करून लुबाडलं होतं. पैसे गेले ते गेलेच. पण पुढच्या महिन्यात ती मैत्रीण, खरी, हाडामांसाची, त्यांना भेटायला आली तेव्हा नलूताईंनी दार उघडलं नाही. दुधानं तोंड पोळलं होतं ना! दोघी त्यानंतर भेटल्या नाहीत. चोरानं पन्नास वर्षांची मैत्रीच उचलून नेली होती, आणि त्याची तक्रार कोणत्याही पोलिसचौकीत लिहून घेत नाहीत. बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो, दरडावतो. पण शेवटी हसून सलाम ठोकतो आणि बिदागी मागतो. त्याच्या सोंगालाही इमान असतं. या भामट्यांना तेवढंही नव्हतं.

"जुळणी किती आली?" त्यांनी विचारलं.

"शंभरात सव्वीस. पण मॅडम, मला एक सांगा. आवाज-विभागात आम्ही हरलो. चोर कुणाचाही आवाज काढायला लागले, म्हणून फोनवर कुणी विश्वास ठेवेना. मग लिहिलेल्यावर तरी कसा ठेवायचा?"

"कारण आवाज थोड्या वेळात चोरता येतो, लिहिण्याची सवय नाही," कुमुदताई म्हणाल्या. हा विषय निघाला की त्यांचा राग ओसरत असे. "तू वाक्य कुठे तोडतोस, कुठला शब्द उगाचच पुन्हा लिहितोस, नकार देताना आधी काय म्हणतोस, या हजारो बारीक सवयी. त्यांचा मिळून होतो लेखनठसा. आपलं पारखी यंत्र आलेल्या संदेशाची त्या ठशाशी जुळणी करतं. नव्वदच्या वर आली तर माणूस खरा, चाळीसच्या खाली आली तर तोतया."

"आणि पाखडणी?"

"ठसा घ्यायच्या आधी जुनी पत्रं पाखडून घ्यायची. माणूस तापानं फणफणलेला असताना, सुतकात, भांडणात जे लिहितो ते त्याचं नेहमीचं नसतं. तो कोंडा. तो मिसळला की ठसा पुसट होतो आणि पुसट ठशात चोरही सहज बसतो. पहिल्या चाचण्यांत आम्ही हेच भोगलं. पाखडलं आणि ठसा लख्ख झाला."

इब्राहिमनं मान डोलावली. तेवढ्यात कुमुदताईंच्या टेबलावरचा पडदा उजळला. हिरवी चौकट. प्रेषक यमुना देवपुजारी, तिच्या नेहमीच्या पत्त्यावरून. जुळणी अठ्ठ्याण्णव.

'कुमे, बाई, हसू नकोस. म्हातारी घोडी दगडफुलासाठी डोंगर चढली आणि उतरताना कुणीतरी पाकीट लांबवलं. बाकी सगळं ठीक. पाय शाबूत, जीभही शाबूत, हे तुला वेगळं सांगायला नकोच. फक्त हॉटेलवाला माझ्याकडे असा बघून राहिला की जशी मी त्याच्या भाकरीवरची माशी. खाली खातं दिलंय, अडीच लाख पाठवतेस? घरी आले की व्याजासकट शिव्या देईन.'

कुमुदताईंना हसू फुटलं. ही यमीच. दुसरं कोण असं लिहील? "बघ, ही खरी. पाकीट मारणाऱ्यानंच तिकडे तोतयेगिरी सुरू केली असणार," असं म्हणत त्यांनी पैसे पाठवायची कळ दाबायला बोट पुढे केलं, आणि ते तसंच अधांतरी राहिलं.

त्या 'आईला सांगू नको'नं मनात कुठेतरी टोचलं होतं.

हे वाक्य त्यांनी आधी वाचलं होतं. यमुनेचा नवरा अनंत कोयनेच्या जलाशयात बुडाला त्या दिवशी. 'कुमुद. अनंत गेला. ये. आईला सांगू नको. ये.' वर्षभर यमुना तशीच लिहीत होती. विनोद नाही, कुमे नाही, बाई नाही. एकेक शब्द, दगड ठेवल्यासारखा. कुमुदताईंच्याच टपालपेटीत ती पत्रं अजून होती. आणि पारखीची पहिली चाचणी म्हणून यमुनेचा ठसा घेतला तेव्हा कुमुदताईंनी स्वतःच्या हातानं ती सुपाबाहेर काढली होती. कोंडा म्हणून.

"इब्राहिम, मी तुला काही पत्रं देते. फक्त यांचाच ठसा घे आणि त्या तांबड्या चौकटीतल्या संदेशाशी जुळव."

"अडवलेल्या संदेशाशी?"

"हो. घे लवकर."

इब्राहिमनं जुळणी लावली. आकडा आला तेव्हा तो दोनदा पडद्याकडे आणि एकदा कुमुदताईंकडे बघून म्हणाला, "शहाण्णव."

मग कुमुदताई बोलल्या आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "बॅग ओढून नेली म्हणते. बॅगेत फोन. फोनमध्ये तिची सगळी टपालपेटी. म्हणजे तिच्या पत्त्यावरून लिहिणारा चोर आहे. त्यानं तिची पत्रं वाचून तिची सोंगं उचलली. हसरी यमुना त्याला छान जमली, कारण त्याच्या पोटात कुठे रक्त साचतंय? आणि खरी यमुना मरायला टेकलीये तर आपलं यंत्र तिला तोतया म्हणतंय! चोर सोडून संन्याशाला सुळी!"

त्यांनी इस्पितळाला फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक बाई म्हणाली, हो, भारतीय स्त्री, प्लीहा फाटली आहे, आगाऊ रक्कम भरली की लगेच शस्त्रक्रिया. रक्तदाब उतरतो आहे. उशीर नको.

"मॅडम, चोर बनावट इस्पितळंही थाटतात," इब्राहिम हळूच म्हणाला.

"थाटतात. पण तिच्या नवऱ्याच्या सुतकातली पत्रं माझ्याकडे आहेत, चोराकडे नाहीत. त्या वेळी ती तिच्या शेजाऱ्याच्या पत्त्यावरून लिहायची. शहाण्णव चोराला कुठून मिळणार?"

इब्राहिमही आता घाबरला होता.

पैसे पाठवणं मात्र सोपं नव्हतं. पारखीनं एकदा तांबडी चौकट घातली की त्या संदेशातल्या खात्यावर देशातल्या कुठल्याच बँकेतून पैसे जात नसत. इब्राहिमच्याही नाही, कुणाच्याच नाही. वाट एकच होती. ज्याला संदेश आला त्यानं आपल्या शब्दांत हमीपत्र लिहायचं, की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. ते हमीपत्र चोरानंच लिहिलेलं नसावं म्हणून पारखी त्याचीही जुळणी करणार. तीन वेळा हुकलं की खातं आठवडाभर बंद. माणसाच्या सहीनं ही अट मोडता येत नव्हती. माणसाला दडपता येतं, रडून विरघळवता येतं, म्हणून निर्णयात माणूस नकोच, असं केंद्राच्या समितीत ठासून सांगणाऱ्या कुमुदताईच होत्या.

त्या लिहायला बसल्या. 'यमुना देवपुजारी तिकडे मरते आहे आणि तुम्ही कसले गुण मोजत बसलात? ती खरी आहे! मी सांगते ना! सोडा ते पैसे, आत्ताच्या आत्ता!'

पारखीनं क्षणभरही वेळ घेतला नाही. 'जुळणी एकोणीस. ही व्यक्ती डॉ. कुमुद पांढरीपांडे नाही.'

"मी नाही?" त्या उभ्याच राहिल्या. "अरे, तुझा एक एक नियम मी लिहिलाय आणि मी नाही?"

"मॅडम, तुमच्या ठशात राग नाहीये," इब्राहिम म्हणाला. "पाखडला गेला."

दुसऱ्या खेपेला त्यांनी विनवण्या केल्या. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे हो, तिच्याशिवाय मला या जगात कुणी नाही, पाया पडते. लिहिताना डोळे भरून आले होते आणि प्रत्येक शब्द खरा होता. जुळणी चौतीस. ही व्यक्ती डॉ. कुमुद पांढरीपांडे नाही. एकच संधी शिल्लक.

त्यांनी हात आखडून घेतले. आता रागाची जागा एका थंडगार समजुतीनं घेतली. खऱ्या संकटात कुणीच स्वतःसारखं लिहीत नाही. मग पारखीला पटतो तो कोण? ज्याला संकटच नाही तो. किंवा संकट असूनही जो स्वतःची नक्कल करू शकतो तो.

"माझी गेल्या वर्षीची कार्यालयीन पत्रं काढ," त्या म्हणाल्या. "समितीला लिहिलेली. जितकी रटाळ तितकी चांगली."

इब्राहिमनं काढली. कुमुदताईंनी ती तशीच वाचली जशी तो भामटा यमुनेची वाचत बसला असेल. ही बाई 'अर्थात'नं वाक्य सुरू करते. ही 'माझ्या अल्पमतीनुसार' म्हणते आणि मग अल्पमतीला न शोभणारी लांबण लावते. शेवटी एक कोरडा चिमटा काढते. छे, काय ही बाई! पण आज तिचंच सोंग वठवायचं होतं. तिकडे रक्तदाब उतरत होता आणि इकडे त्या 'अर्थात' कुठे घालावा याचा विचार करत होत्या. अशी चीड त्यांना आयुष्यात आली नव्हती, आणि तिचा एक कणही कागदावर सांडू देण्याची सोय नव्हती.

'सप्रेम नमस्कार. विषय लहान आहे, म्हणून पत्रही लहान. माझ्या अल्पमतीनुसार वरील संदेश प्रा. देवपुजारी यांचाच आहे. अर्थात, पारखीचं मत वेगळं आहे याची मला जाणीव आहे आणि यंत्राचाही मतभेदाचा हक्क मला मान्य आहे. तरी खातं खुलं करावं. प्रा. देवपुजारी परतल्यावर या विलंबाबद्दल जे बोलतील ते ऐकण्यासाठी समितीनं कापूस जवळ ठेवावा.'

'जुळणी सत्त्याण्णव. आपली ओळख पटली आहे. भावनेच्या भरात लिहिणाऱ्या तोतयांपासून सावध राहा.'

पैसे गेले. थोड्या वेळानं इस्पितळाची पोच आली की रक्कम मिळाली, रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आहे. कुमुदताईंनी ती पोच पुन्हा पुन्हा वाचली आणि मग टेबलावर डोकं ठेवून मोकळेपणानं रडल्या. इब्राहिम चहा घेऊन आला. तासाभरानं इस्पितळातल्या त्याच बाईचा फोन आला. रक्तस्राव थांबला होता, धोका टळला होता.

इब्राहिमला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं. "मॅडम, हा एखादाच असा प्रसंग असेल. नाहीतर वर्षभरात एव्हाना लोकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्याकडे तर केंद्र सुरू झाल्यापासून एकही तक्रार नाही."

कुमुदताईंनी कप खाली ठेवला.

"तक्रार कशी करायची असते रे आपल्याकडे?"

"लेखी. केंद्राच्या पत्त्यावर."

"आणि ती खऱ्या माणसाचीच आहे हे कोण ठरवतं?"

"पारखी..." इब्राहिमचा चेहरा उतरला. "ठसा जुळला तरच ती तक्रार-विभागात जाते. नाही जुळला तर तोतयांच्या ढिगात."

"ज्याचा भाऊ पैशावाचून गेला, तो तक्रार कशी लिहील? अर्थात, अल्पमतीनुसार, सप्रेम नमस्कार?"

इब्राहिमनं तो ढीग उघडला. तांबड्या चौकटींची रांग पडद्यावर वाहायला लागली, ती थांबेचना. त्यानं बोट कळीवर धरून ठेवलं होतं तरी तळ येत नव्हता. जाता जाता शब्द दिसत होते, 'हरामखोरांनो', 'माझी मुलगी', 'हात जोडते', 'कुणीतरी वाचा'. प्रत्येकाखाली यंत्रानं तेच लिहिलं होतं, की ही व्यक्ती ती नाही.

"बंद करू, मॅडम?"

"नाही," कुमुदताई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. "अगदी वरची काढ आणि मोठ्यानं वाच. शिव्या गाळू नकोस."