बडबडी मोटार

मोटार शेणव्याचा चढ चढली तीच मुळी वाफा सोडत. काळूराम कुंभाराच्या अंगणासमोर तिनं एक आचका दिला आणि तिथंच बसकण मारली. ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून तोंडावरची लाल धूळ पुसू लागला... आणि काळूरामच्या लेकीनं, भागीरथीनं, त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्या वेळी ती भट्टीतून निघालेले माठ बोटानं वाजवून बघत होती.

"पाणी मिळंल का गो थोडं?"

"तुमाला का मोटारीला?"

"आधी तिला. ती प्यायल्याबिगर मला पिऊ देत नाय."

भागी हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. कळशी घेऊन ती आली. तो पुढचं झाकण उघडून पाणी ओतत होता तेवढ्यात तिचं बोट सवयीनं मोटारीच्या मागच्या दारावर गेलं. टक् टक्.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली. "हिच्या पोटात कायतरी सुटं हाय."

कळशी हातातच राहिली त्याच्या. "तुला कसं कळलं?"

"मडकं कसं कळतं? वाजवून."

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की भागीला आपल्या मातीच्या हातांची एकदम लाज वाटली. तिनं ते पदरात लपवले. मग स्वतःचाच राग येऊन पुन्हा बाहेर काढले.

ही मोटार पंचक्रोशीत बदनाम होती. शहापूरच्या लडकूशेठ लाकूडवाल्यांनी ती जुनी विकत घेऊन शहापूर-मुरबाड रस्त्यावर उतारूंसाठी सोडली होती. चढाला लागली की ती कुईं कुईं रडायची, उताराला लागली की आत कुणी तरी टकटक करायचं. झालं! मोटारीत बाई रडते, अशी आवई उठली. आवई उठायला आपल्याकडं मोटार लागतच नाही, इथं तर ती होती. उतारू घटले. शेठनं शेवटचं सांगून टाकलं, 'म्हसा गावच्या जत्रेला मी स्वतः मोटारीत बसणार. आवाज आला तर मोटार भंगारात, आणि तू तुझ्या वाटेनं.'

ड्रायव्हरचं नाव कुंडलिक. टोकावड्याच्या कुंभाराचाच पोरगा, पण चाक सोडून मोटारीच्या नादी लागलेला. त्याची वाट म्हणजे कराचीची. तिथल्या एका मोटार कारखान्यातून त्याला बोलावणं होतं.

"मी चालवतो तवा मला ऐकू येत नाय, आणि ऐकत बसलो तर गाडी खड्ड्यात," तो काळूरामला म्हणाला. "मामा, पोरीचा कान उसना द्या. तुमची मडकी मी बाजाराला फुकट पोचवतो."

काळूराम मोटारवाल्यांना चांगलंच ओळखून होता, म्हणजे एकालाही ओळखत नव्हता. पण बैलगाडीत निम्मी मडकी फुटायची हेही खरं. त्यानं राखणीला आपल्या बहिणीला, जनाआत्याला, बरोबर दिलं. जनाआत्या ठार बहिरी. तिच्यादेखत दोघं काय बोलतील ते तिला ऐकू येणार नाही, हे काळूरामच्या ध्यानात आलं तेव्हा मोटार चढापलीकडं गेली होती.

पण बोलणार काय, कपाळ? मोटारीत बोलायचंच नाही, असा कुंडलिकचा नियम. आवाज ऐकायचा तर जीभ गप्प हवी. डावीकडून आवाज आला तर भागीनं पुढच्या फळीवर एकदा टिचकी मारायची, उजवीकडून आला तर दोनदा. पहिल्याच वळणावर त्यानं गाडी थांबवली.

"तुज्या बांगड्या वाजतात."

"मग? काडू?"

"नको..." तो गडबडला. "बांध. म्हणजे... ह्यानं." त्यानं खिशातला रुमाल मागं केला, मान न वळवता. त्याचे कान मात्र लाल झालेले तिला मागून स्वच्छ दिसले.

रुमालाला पेट्रोलचा वास होता. भागीनं बांगड्या कोपराकडं सारून बांधल्या. तो रुमाल तिनं परत दिला नाही, आणि त्यानं मागितला नाही.

मडकी तिनं टपावर भाताच्या पेंढ्यात अशी बसवली होती की मुरबाडपर्यंत एकानं हूं की चूं केलं नाही. उतरवताना कुंडलिक बघत राहिला.

"कसं जमवलंस?"

"दोघांच्या मधी पेंढा पायजे. फार आवळलं तर तडा जातो, सैल सोडलं तर आदळतात."

"मानसांचंबी तसंच का?"

"मानसांचं मला काय ठाऊक? मी मडकी करते," ती म्हणाली, पण परतीच्या वाटेवर तिची टिचकी दोनदा चुकली.

पौषातल्या त्या धुक्याच्या सकाळी मोटार बाजारांना जायची, आणि भागीचा कान काम करायचा. रडणारी बाई तिनं लवकरच धरली. मागच्या दाराचं लाकूड चढावर चौकटीला घासत होतं. कपड्याचा साबण चोळला, बाई गप्प! खिडकीची काच थरथरत होती. घोंगडीची पट्टी लावून तिला बसवली. बैठकीखालची स्प्रिंगची कमान कुरकुरायची, तिच्याखाली जुन्या वहाणेचं चामडं सारलं. ती हातानं एकेक फळी दाबून धरायची. आवाज थांबला की तिथं खडूची खूण. तो खुणेवर इस्क्रू आवळायचा. अधूनमधून खडू घेता-देता बोटांना बोटं लागायची... आणि दोघंही मोटारीकडं बघायची, जणू तिनंच काही केलं.

पण टकटक जाईना. आज डावीकडची गेली की उद्या उजवीकडं हजर. आणि ती वाढतच होती. जे थोडे धीट उतारू बसायचे तेही उतरताना देवाचं नाव घेत उतरायचे. जत्रा परवावर आली तेव्हा कुंडलिक पायरीवर डोकं धरून बसला.

"खरंच हिच्यात कायतरी हाय गो. मी जातो कराचीला."

कराची म्हणजे किती लांब हे भागीला माहीत नव्हतं. तिथून बाजाराला मोटार येत नाही एवढं कळत होतं. तिला हा माणूस हवा होता. त्याचे लाल कान, त्याचा पेट्रोलचा वास, थांबल्या मोटारीशी चाललेली त्याची बडबड... सगळं हवं होतं. तिनं कमरेला पदर खोचला.

"भूत असंल तर त्याच्याबी सांध्यात पाचर मारू. पन तुमी उठा. चालवा गाडी."

"आता?"

"आता नाय तर काय शिमग्याला?"

मोटार निघाली. भागीनं डोळे मिटले नाहीत. या खेपेला तिनं कानाबरोबर डोळेही कामाला लावले. किन्हवलीच्या अलीकडं उतार लागला. शेजारी जनाआत्यानं हळूच कनवटीला हात घातला, काही तरी कपाळाला लावलं आणि बैठकीच्या कडेच्या फटीत सोडून दिलं.

टक्!

"थांबवाऽऽ!" भागी ओरडली. नियम तिनं पहिल्यांदाच मोडला, आणि असा मोडला की बांधावरचे बगळे उडाले.

त्या फटीखालची फळी आजवर उघडली नव्हती. वरचं कातडं फाटलं तर शेठ बोलेल, ही कुंडलिकला भीती. आज त्यानं कातड्याची पर्वा केली नाही. फळी निघाली आणि आतून धो धो सुपाऱ्या गळाल्या! सुपाऱ्या, बिब्बे, गंजके खिळे, हळद लावलेला एक पैसासुद्धा. दुसऱ्या बाजूलाही तेच. भुताची बाधा होऊ नये म्हणून जो बसेल तो गुपचूप फटीत काही तरी सोडत होता. जितकी भीती तितक्या सुपाऱ्या, आणि जितक्या सुपाऱ्या तितकं भूत!

कुंडलिक रस्त्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. भागी मात्र आत्याकडं वळली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आत्ते, तूबी? तूबी भुताला भ्यालीस?"

"भुताला कोन भितंय?" जनाआत्या रागावली. "मी नवस बोलले. ह्या पोराशी तुजं जुळूंदे म्हणून दर खेपंला एक सुपारी. ऐकू येत नाय मला, पन दिसतं ना गो! टिचकी मारायची फळीवर आणि बघायचं त्याच्या मानंकडं!"

बगळ्यांनाही ऐकू गेलं असावं, इतक्या मोठ्यानं. भागीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुंडलिकच्या कानांचं तर काही विचारू नका.

"भागी," तो सुपाऱ्या गोळा करत, खाली बघून म्हणाला, "नवस... तुलाबी मान्य हाय?"

"आधी फळी लावा," ती म्हणाली. मग फार हळू, "...हाय."

फटी बुजवून भागणार नव्हतं. माणसांची भीती फटीएवढी नसते. त्यावर भागीनंच तोड काढली. एक गोल, लहान तोंडाचं मडकं तिनं पेंढ्यात नीट बसवून दाराशी बांधलं, आत कापूस घातला, आणि येईल त्याला आत्या सांगू लागली, "सुपारी हितं टाका. देवाचं मडकं हाय." लोक बिनघोर टाकू लागले. मडकं हूं की चूं करीना.

जत्रेच्या दिवशी लडकूशेठ पांढरंशुभ्र धोतर सावरत बसले. मागं भागी, आत्या आणि काळूराम. चढ गेला, उतार गेला, नदीचे खडक गेले. भागीनं फळीवर बोट धरलं होतं, पण टिचकी मारायचं काम पडलं नाही. म्हशाच्या माळावर बैलांच्या घुंगरांचा आवाज स्वच्छ ऐकू आला तेव्हा शेठ म्हणाले, "बंद पडली का रे?"

"नाय शेठ. चालू हाय."

शेठ उतरले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि पाळण्यांकडं चालू लागले. जाता जाता म्हणाले, "उद्यापास्नं दोन खेपा कर."

घोंगडीवाल्यांच्या रांगेपाशी कुंडलिकनं मडक्यात हात घातला, एक सुपारी काढली आणि काळूरामच्या पुढ्यात ठेवली. शेणव्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं. बोलायला लागत नाही. काळूरामनं सुपारीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"भागे, माठ तू वाजवल्याबिगर कुनाला देत नायस. हा वाजवून घेतलास का?"

भागीच्या कोपराला अजून तो रुमाल होता. तिनं मान खाली घातली नाही.

"घेतला, बा. खणखणीत हाय."

काळूरामनं दगड उचलला. टक्! सुपारी फुटली. अर्धी त्यानं कुंडलिकच्या हातावर ठेवली. जनाआत्या जत्रेच्या त्या गलक्यात ओरडली, "ऐकलं गो! मला ऐकू आलं!"

कुणाचा विश्वास बसला नाही. भागीचा मात्र बसला.