दुपारचं दळण

रुद्रेशनं पुण्याहून पाठवलेला डबा आणायला मन्मथअप्पा सकाळीच स्टँडवर गेले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरनं सीटखालून पुठ्ठ्याचं खोकं काढून दिलं. अप्पांनी ते बगलेत धरलं आणि वाटेत कुणाशी न बोलता थेट घर गाठलं.

हे सत्याण्णव सालचं. परळीच्या मोंढ्याजवळ अप्पांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. माणूस कानाचा मोठा तिखट. नव्या घागरीला एक टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, चीर कुठं आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर हमखास तिथंच निघायची. असा कान असल्यावर गाण्याचा नाद लागणारच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सीडी प्लेअर, अँप्लिफायर आणि दोन उभे स्पीकर आणले होते. मुलगी लग्न होऊन लातूरला गेलेली. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या, दाराला वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारायचं आणि अंधारात बासरी नाहीतर सरोद ऐकत बसायचं, हा त्यांचा नेम. बायकोला, उमाबाईला, गाण्यातलं काही कळत नसे. ती आत ज्वारी निवडत बसायची.

रुद्रेश हा त्यांचा भाचा, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता. मागच्या खेपेला त्यानं मामाचं मशीन ऐकलं आणि म्हणाला, तबकडीत गाणं नसतं मामा, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचं परत गाणं करायचं काम तुमचं मशीन आतल्या आत, गर्दीत उरकतं. मी तुम्हाला वेगळा डबा करून देतो. तो तेवढं एकच काम करील, पण नीट करील. तबकडीत जे जे आहे ते सगळं ऐकू येईल.

डबा दिसायला जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा नव्हता. काळा पत्रा, पुढं एक लाल दिवा. रुद्रेशनं कागदावर काढून दिल्याप्रमाणे अप्पांनी प्लेअरच्या पाठीमागून एक वायर डब्यात घातली, डब्यातून दोन वायरी अँप्लिफायरला जोडल्या आणि बासरीची तबकडी लावली.

पहिल्या सुरालाच त्यांचे हात मांडीवर पडले ते तसेच राहिले. हीच तबकडी त्यांनी शंभरदा ऐकली असेल. पण आज बासरी वाजवणारा माणूस समोर बसला होता. त्यानं श्वास कुठं घेतला, कोणतं बोट कधी उचललं, तानपुऱ्याची कोणती तार किंचित उतरली होती, सगळं. त्या माणसाच्या मागची भिंत किती लांब आहे, हेसुद्धा कळत होतं. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहून ऐकत होतो आणि आज कुणीतरी आत घेतलं, असं त्यांना वाटलं.

पहिला राग संपला. दुसरा सुरू व्हायच्या आधी चार-पाच क्षणांची शांतता असते. त्या शांततेत त्यांना घरघर ऐकू आली.

अप्पा चिडले. इतकं चांगलं काम आणि ही चीर! अर्थिंगचा दोष असेल तर घुं असा आवाज येतो, हे रुद्रेशनं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, प्लग बदलले. घरघर गेली नाही. उलट आता ती बासरीच्या खालूनही येऊ लागली. मग कान देऊन ऐकताना त्यांच्या ध्यानात आलं, की विजेचा आवाज असा नसतो. वीज एकसारखी वाजते. ही घरघर चालत होती, मध्येच जड होत होती, परत हलकी होत होती. कोणीतरी ती थकून थकून ओढत होतं.

उमाबाई सूप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"जातं हाय हे," ती म्हणाली.

गल्लीत पिठाची गिरणी येऊन तीस वर्षं झाली होती. हातानं दळणारं कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारानं भिवराबाई आत आली. ती उन्हाळाभर त्यांच्याकडे धुणंभांडी करायची आणि दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, त्रिंबकबरोबर, ऊसतोडीला जायची, फडावर कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायची. चाळिशीची बाई, बोलायला कमी. तिच्या हातांना कोपरापर्यंत भांड्याची राख लागलेली होती.

"आक्का, कोन दळायलंय?" तिनं विचारलं.

आणि तेव्हाच जात्यावर आवाज आला. बाईचा. बासरीच्या पुष्कळ मागून, पण स्वच्छ. आवाज गोड नव्हता, घसा बसलेला होता. दाण्याची मूठ, म्हणजे वैरण, घालताना बाई थांबायची आणि मग पुढची ओळ उचलायची.

*उसाच्या गं फडामंदी, कोपीला न्हाई दार*
*भिवरा माझी निजलेली, वर चांदन्याचा भार…*

भिवराबाई भिंतीला टेकून खाली बसली. राखेचे हात तिनं तोंडावर धरले.

तिची हकीकत उमाबाईला थोडीफार ठाऊक होती. भिवरा वर्षाची असताना तिची आई तोडीला गेली ती परत आली नाही. फडावरच तापानं गेली. टोळीनं तिथंच कुठंतरी नदीकाठी तिला माती दिली आणि बाप पोरीला पाठीशी बांधून गावी आला. जागा कुठली, ते त्यानं कधी सांगितलं नाही. पुढं तोही गेला. आईचा फोटो नाही, चेहरा आठवत नाही, आवाजाचा तर प्रश्नच नव्हता. तरीही ऐकताच तिनं तो आवाज ओळखला होता.

मन्मथअप्पा व्यवहारी माणूस. त्यांनी डबा काढून तीच तबकडी जुन्या रीतीनं लावली. नुसती बासरी. परत डबा जोडला, जातं सुरू. मग त्यांनी तबकडी बदलली, सरोदाची लावली. सरोदाखालीही तेच जातं होतं, आणि ओवी पहिलीपासून नव्हे, तर मघाशी जिथं थांबली होती तिथून पुढं चालू झाली. तेव्हा मात्र अप्पांनी प्लेअरवरचा हात काढून घेतला. तबकडीवरचं गाणं परत परत तेच वाजतं. हे एकदा वाजलं की पुढं सरकत होतं, जशी माणसाची दुपार सरकते.

त्यांनी एस.टी.डी.वरून रुद्रेशला फोन लावला. रुद्रेश हसला. कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडत असेल, लोकगीतांचा कार्यक्रम असेल, वायर बदलून बघा, म्हणाला. अप्पांनी हो म्हटलं आणि वायर बदलली नाही.

मग रोजच दुपार तशी जाऊ लागली. बाहेर ऊन रणरणायचं, थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं आभाळ करडं व्हायचं. आत ओल्या वाळ्याचा वास आणि तो लाल दिवा. भिवराबाई काम उरकून, हात धुऊन यायची आणि उंबऱ्याशी बसायची. दुसऱ्या दिवशी उमाबाईनं तिला हाताला धरून आत, चटईवर बसवलं. देवळात गाभाऱ्यासमोर माणसं बसतात, तशी ती तिघं त्या दोन स्पीकरांसमोर बसायची. कोणती तबकडी लावायची, हे अप्पा आता बघतसुद्धा नव्हते.

ओव्यांतून ती बाई आपल्या लेकीला एक एक गोष्ट सांगत होती. तू नदीकाठी जन्मलीस म्हणून नदीचंच नाव ठेवलं. तुझ्या उजव्या खांद्यावर तीळ आहे, तसाच माझ्या आहे. तुझा बाप वाईट नव्हता, तो रडायला भ्यायचा. भिवराबाई एकेका ओवीला मान हलवायची, आणि तीळ सांगितला तेव्हा तिनं नकळत पदरावरून खांदा चाचपला. पाचव्या दिवशी बाईनं आपली जागा सांगितली.

*भिवरेच्या थडीवर, जिथं वळलंय पानी*
*दोन खोडांचा उंबर, तिथं निजले मी रानी…*

त्या दिवशी संध्याकाळी त्रिंबक तिला न्यायला आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो अप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा, ती लई हळवी हाय. मशिनीचं कावून खरं मानायचं?"

आठव्या दिवशी जातं हलकं चालू लागलं. ज्यांनी जात्यावर दळलं आहे त्यांना हे कळतं. सूप सरत आलं की दगडाचा आवाज मोकळा होतो. उमाबाईला ते आधी कळलं. तिनं भिवराबाईचा हात धरला. बाईनं बराच वेळ ओवी म्हटली नाही. मग अगदी जवळून, स्पीकरच्या जाळीला तोंड लावल्यासारखी, म्हणाली…

*मूठभर राह्यलंय, सुपाच्या गं कोपऱ्यात*
*जपून घालते मी वैरण, लेक बसली ऐकण्यात…*

अप्पा जाळीपासून मागं सरकले. आठ दिवस आपण तिला ऐकतो आहोत असं त्यांना वाटत होतं. तिलाही ठाऊक होतं तर… पलीकडून तीही बघत होती.

"बंद करा, अप्पा," भिवराबाई हळूच म्हणाली.

"अगं, थोडंच राह्यलंय… शेवट न्हाई ऐकायचा?"

"सरल्यावर ती उठून जाईल की." तिनं स्पीकरवरची नजर काढली नव्हती. "मूठभर राहू द्या. म्हंजे बसून ऱ्हाईल."

अप्पांनी उठून बटण दाबलं. लाल दिवा विझला. त्यांनी डब्यावर धुतलेल्या धोतराचा तुकडा टाकला, आणि पुढं वर्षभर त्याला हात लावला नाही. गाणं ऐकायचे ते जुन्याच रीतीनं.

दिवाळीनंतर भिवराबाई आणि त्रिंबक तोडीला गेले. टोळीचा ट्रक भीमेच्या, म्हणजे भिवरेच्याच, काठानं जायचा. त्रिंबकनं मुकादमाला विनवून एक दिवस मागून घेतला आणि दोघं काठाकाठानं चालत निघाले. तिसऱ्या वळणावर दोन खोडांचा उंबर सापडला. मुळांच्या बेचक्यात अर्धा दगड रुतलेला होता, जात्याची खालची तळी. इतकी वर्षं झाडानं तिला मिठी मारून धरलं होतं, दगड हलवता येत नव्हता. त्रिंबकनं डोक्याची टोपी काढली. भिवराबाईनं त्या दगडावर कुंकू वाहिलं, ओंजळभर ज्वारी ठेवली आणि दिवसभर त्याला टेकून बसली. चैत्रात परत आल्यावर तिनं हे उमाबाईला सांगितलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच भरलेला, मोकळा वाटत होता. पुढच्या हंगामापासून तिनं तोडीला जाणं सोडलं आणि ती परळीतच राहिली.

गोष्ट इथंच थांबती तर बरं झालं असतं.

त्याच चैत्रात एका दुपारी अप्पांना दुकानात पाहुणे आले म्हणून घरी यायला उशीर झाला. चारला आले, तर वाळ्याचा पडदा कोरडाच होता. आत अंधार. उमाबाई स्पीकरसमोर चटईवर बसली होती, हात मांडीत, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरून. धोतराचा तुकडा खाली पडला होता. अप्पांनी डब्याला हात लावला. तो गरम होता.

तिला स्वतःच्या आईचा आवाज ऐकायचा होता. भिवराला ऐकू आला, मग मला का नाही, एवढंच तिच्या मनात आलं होतं. हे तिनं सांगितलं. पुढचं अप्पांना विचारून काढावं लागलं.

"भिवराची माय होती?"

"न्हाई… दुसरीच होती कोनी."

"तुझी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "तुमच्या नावाची ओवी म्हनत होती."

"काय म्हनत होती?"

उमाबाई उठली, दिवा लावला, आणि चहा टाकायला आत गेली. त्या प्रश्नाचं उत्तर तिनं आजपर्यंत दिलेलं नाही. अप्पांनी रागावून बघितलं, समजुतीनं बघितलं, एकदा तर तिच्यासमोर हात जोडले. दुसऱ्याच दिवशी तिनं डबा रुद्रेशकडे परत पाठवला. त्यानं तो पुण्यात महिनाभर वाजवला. त्यात बासरीखेरीज काहीही नाही, असं त्याचं पत्र आलं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. अंबाजोगाईच्या रस्त्यावर एक लहानसा पूल आहे. खाली ओढा, तोही पावसाळ्यापुरता. भ्यावं असं तिथं काही नाही. त्या ओवीत हा पूल असावा, एवढाच अंदाज अप्पांनी बांधला आहे. अप्पांना व्यापारासाठी महिन्यातून दोनदा तिकडं जावं लागतं, आणि ती ओवी ऐकल्या दिवसापासून उमाबाई त्यांना एकटं जाऊ देत नाही. पूल आला की ती भाड्याची जीप थांबवते. जीप रिकामी पुढं जाते आणि हे दोघं पायी पूल ओलांडतात. बरोबर मधोमध आल्यावर उमाबाई थांबते, वळते आणि आपल्या दोन्ही तळहातांनी अप्पांचे कान घट्ट झाकून धरते.

अप्पा निमूट उभे राहतात. त्यांना काही ऐकू येत नाही. फक्त तिचे ओठ हलताना दिसतात. ती अप्पांकडे बघत नसते. त्यांच्या खांद्यावरून मागं, कठड्याकडे बघून, ती कुणाला तरी उत्तर देत असते.