बघणाऱ्यांच्या खुर्च्या

"बघायला येतील तेवढ्याच खुर्च्या मांड. रिकामी ठेवलीस तर कुणीतरी येऊन बसतं."

मोजणी अधिकारीपद सोडताना काकांनी, म्हणजे तिच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी, एवढंच बजावलं होतं. ती हसली होती. "बसू द्या की, काका! खुर्च्या काय शोभेला मांडायच्या?"

तिचा सगळा भर बघणाऱ्यांवरच होता. आजवर मतं बंद दाराआड मोजली जात आणि निकालानंतर महिनाभर गावात कुजबुज चाले. तिने भांडून पद्धत बदलली. आता शाळेच्या सभागृहात प्रत्येक मतपत्रिका कॅमेऱ्यापुढे धरायची, मोठ्याने वाचायची, आणि समोर बसलेल्यांनी "पाहिलं" म्हटलं की मगच गठ्ठ्यात ठेवायची. घरी टीव्हीवर हे थेट बघणाऱ्यालाही हरकत घेता यावी म्हणून टेबलावर फोन, तोही स्पीकरवर. पेट्या उघडल्या की दार बाहेरून बंद, किल्ली पोलिसाकडे. मोजणी संपेपर्यंत ये-जा नाही. "कॅमेऱ्यात दिसेल तेच खरं," असं ती सभासभांतून सांगत फिरली होती, आणि गावाला ते पटलं होतं.

"अख्ख्या गावाची मतं मोजतेस, पण पोरीचं दूध मोजून द्यायला मीच," सकाळी सासूबाईंनी टोमणा मारलाच. घाईगडबडीत तिने लेकीला फ्रॉक उलटा घातला होता. निघताना लक्षात आलं, पण पोर पेंगुळली होती, राहू दिला.

मोजणी झकास चालली होती. टेबलावर उन्हाची तिरीप, शाईचा वास, आणि एका सुरात "पाहिलं... पाहिलं..." तिला सकाळपासून काळजी होती ती कुठल्या कुठे पळाली. दुपारी तिच्या ध्यानात आलं, सगळ्यांचं म्हणून झालं की मागून एक बारीक आवाज येतो.

"पाहिलं."

कुणीतरी पोर बरोबर आणलं असेल. तिने मान उंचावून पाहिलं. पोर कुठेच नव्हतं. शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी रिकामी होती.

हरकतीचा फोन वाजला. पलीकडे गावातला शिंपी होता, घरून बघणारा. "ताई, मोजणीबद्दल तक्रार नाही हो. पण त्या मागच्या छोटीला जरा पुढे बसवा की! कधीची टाचा उंचावून बघतेय बिचारी."

सभागृहात हशा पिकला. मग एकेक जण मागे वळून बघायला लागला, आणि हशा विरला.

पुन्हा फोन. सासूबाई.

"अगं, पोरीला कधी नेलंस? सांगून न्यायची काही पद्धत आहे की नाही?"

"आई, मी कुठे नेलं? आत झोपलीय ती."

"मग हे टीव्हीवर काय दिसतंय? आंधळी आहे का मी?"

"आत जाऊन बघा, आई. आत्ता."

सपातांचा आवाज लांब गेला. दार करकरलं. नंतर काही नाही. फोन मात्र चालूच.

तिने टेबलावरचा, कॅमेऱ्यातलं दाखवणारा पडदा स्वतःकडे वळवला.

शेवटच्या खुर्चीत लेक पाय हलवत बसली होती. फ्रॉक उलटा होता, शिवण बाहेर.

तिने वर पाहिलं. खुर्ची रिकामी.

ती दाराकडे धावली, दोन्ही हातांनी दार बडवलं. "मोजणी संपल्याशिवाय नाही, मॅडम," बाहेरून पोलीस म्हणाला. "तुमचाच नियम."

"आई?" ती फोनपाशी येऊन ओरडली. "आई, आहे का ती?"

कुणाच्याही हातात मतपत्रिका नव्हती. तरी मागून बारीक आवाज आला.

"पाहिलं."

तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज शांत ठेवला, मतं वाचताना ठेवायची तसा.

"तुम्ही बघताय ना? तुमच्या डोळ्यांवर विश्वास आहे, म्हणूनच तर ही सगळी उठाठेव केली. औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला. दार नुसतं लोटलेलं असतं. कुणीतरी आत जा, आतल्या खोलीत, पलंगावर माझी मुलगी आहे का ते बघा. नाही, इथे नका बघू आता. उठा. तिथे जाऊन बघा."