कोरी बाटली

जाळं न टाकता तळ्यातले मासे ओळखायचे, ही धाकटीची नोकरी. पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक जिवाच्या अंगाचा अंश पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिलं, की तळ्यात कोण राहतं ते कळतं. ही खूण थोड्याच दिवसांत विरते, म्हणून सापडते ती ताजीच असते.

वडील तिच्या लहानपणीच गेलेले. दादा वयात आला आणि याच तळ्यात बुडाला. पाणबुड्यांनी तळ पिंजून काढला, पण हाती काहीच लागलं नाही. तेव्हापासून आई दाराला कडी लावत नाही आणि जेवताना तीन पेले भरते. धाकटीने हीच नोकरी का धरली, हे घरात कधी कुणी विचारलं नाही.

या खेपेला यंत्राने माशांसोबत माणूस दाखवला.

"तुझीच थुंकी असणार," साहेब हसले. "पाणी भरताना तरी तोंडाला कुलूप लावत जा!"

तिने मास्क बांधला, अवाक्षर न काढता पुन्हा पाणी भरलं. पुन्हा माणूसच. मग तिने गुपचूप स्वतःच्या लाळेशी ताडून पाहिलं. सख्ख्या भावाइतकं जुळत होतं.

रात्री जेवताना तिने आईला सांगून टाकलं. आईचा घास हातातच राहिला.

"तळाशी गार असतं का गं पाणी?"

"खूप."

"मग त्याला म्हणावं, घरी ये."

दुसऱ्या दिवशी धाकटीने नावेतून वाकून, मास्क काढून, पाण्याला तो निरोप सांगितला. सांगताना तिला रडू आवरेना.

पुढच्या खेपेला घरून निघताना कोरी बाटली भरायची राहिली होती. कोरी म्हणजे स्वच्छ पाण्याची, तळ्याच्या पाण्यासोबत पडताळ्यासाठी यंत्राला द्यायची. तिच्यात काही सापडलं, तर चूक आपल्या हातांची. नाव खोळंबली होती. टेबलावर रात्रीचा दादाचा पेला झाकलेला होता. नळ कोरडा होता आणि कुणाचा ओठ न लागलेलं पाणी घरात तेवढंच, म्हणून तिने तेच ओतून घेतलं. पेला जरा कमी भरलेला वाटला, पण घाईत तिने लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी यंत्राने तळ्याचा निकाल दिला. नुसते मासे. माणूस नव्हता.

दादा दुसऱ्यांदा गेला, असंच तिला वाटलं. ती टेबलावर डोकं टेकून रडली.

मग कोऱ्या बाटलीचा निकाल आला.

माणूस. पुरुष. सख्खा.

ती धावत घरी आली. दार ढकललं. ते उघडेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आतून कडी होती.

"आई!"

आईचा आवाज आला तो पार मागून, स्वयंपाकघरातून. किती वर्षांनी ती अशी हसऱ्या आवाजात बोलत होती.

"अरे, धाकटी आली बघ. दार उघड तिला."

दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कडी हळूच सरकली.