सेटअप शून्य

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कृत्रिम हातांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या टेबलावर डॉ. उल्का मगदूम यांनी नारळाएवढी मऊ पिशवी ठेवली. तिला एक वायर जोडलेली होती.

"हे काय, उशी?" उत्पादनप्रमुख इब्राहिम शिकलगार म्हणाले. "ओ मॅडम, मी सेटअपचा वेळ कमी करा म्हटलं होतं, झोपा काढू म्हटलं नव्हतं."

"झोप उडेल तुमची. आधी सांगा, वेळ जातो कुठे?"

"सगळा पकडीत! हाताचा सांगाडा घट्ट धरल्याशिवाय त्यात मोटर, तारा, बोटं बसत नाहीत. माप बदललं की धरणारा साचा बदला, टेकू बदला, पुन्हा तपासा. अर्धी पाळी त्यातच जाते. म्हणून एका मापाचे ढीगभर हात एकदम काढतो. लहान मुलांची मापं राहतात मागे."

अशीच मागे राहिलेली जनाई बाहेरच्या खोलीत बसली होती. कीर्तनकार श्रीधरबुवा हर्डीकरांची नऊ वर्षांची लेक. तिला उजवा हात मनगटापासून नव्हता. तिच्या मापाचा नंबर लागून नवा हात मिळेपर्यंत तो तिला लहान झालेला असे. दोन हात तसेच कपाटात गेले होते. "वाढदिवस आला की रडते हो," बुवा मघाशीच म्हणाले होते. "तिला वाटतं, आपण वाढतो ही आपलीच चूक."

मगदूमबाईंनी एक छोटा सांगाडा पिशवीवर टेकवून कळ दाबली. पिशवीने त्याला कवेत घेतलं आणि ती टणक झाली.

"आत लोहकणांचा द्रव आहे. एरवी तो वाहतो, समोरच्या वस्तूचा आकार घेतो. चुंबकक्षेत्र दिलं की कण एकमेकांना धरून बसतात. वर दाबसंवेदक आहेत, त्यामुळे नाजूक जागी पकड आपोआप सैल पडते. मी हिला 'सर्वधर' म्हणते."

छोटा सांगाडा काढून त्यांनी मोठ्या माणसाचा ठेवला. तोही लगेच धरला गेला. मध्ये काही म्हणजे काही बदलावं लागलं नाही.

"बोलवा बुवांना!" शिकलगार ओरडलेच. "पोरीचा हात आजच जोडायला घेऊ!"

बुवांच्या पुढे धावत जनाई आली ती थेट टेबलाशी. कुणी काही म्हणायच्या आत तिने आपलं उजवं मनगट पिशवीत खुपसलं. मगदूमबाईंनी हलकेच कळ दाबली.

"दुखतंय का गं?"

"नाही. गुदगुल्या होतात."

मग तिने बुवांच्या झोळीतल्या झांजा काढल्या आणि एकीची दोरी पिशवीच्या दुसऱ्या, अजून मऊ असलेल्या टोकात दाबली. मगदूमबाईंनी कळ आणखी दाबली, तशी पिशवीने तीही धरली. जनाईने हात उचलला. पिशवी उचलली गेली, झांज लोंबकळली. डाव्या हातातल्या दुसऱ्या झांजेने तिने टोला दिला. आवाज खोलीभर घुमला.

मगदूमबाई बघतच राहिल्या. "शिकलगार, कुठलीही वस्तू काही न जुळवता धरायची, नाजूक असली तर जपून धरायची... अहो, आपण हात धरायची पकड करायला बसलो होतो. हा हातच झालाय."

"आणि मनगटाकडून?"

"तिकडूनही तीच पकड. मनगट भरलं, की पिशवी तेवढी मागे सरेल. फक्त कमरेला बॅटरी द्यायची."

"म्हणजे मी सेटअप घालवा म्हटलं, तर तुम्ही मापच घालवलंत! माझ्या साच्यांच्या खोलीचं काय करू आता?"

"कीर्तनाला द्या, साहेब," बुवा म्हणाले. "चांगली ऐसपैस आहे."

सगळे हसले. जनाई तेवढी हसली नाही. ती मोठ्यांचं बोलणं मनाशी जुळवत होती.

"बाबा, मग आता मी वाढले तरी चालेल?"

बुवांनी तिला जवळ ओढलं. "वाढ गं माझे आई. खुशाल वाढ."