आवाज आला की दाबा

कान तपासायची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, भिंतींना बारीक भोकांचे राखाडी पत्रे आणि शीतगृहाला शोभेल असं जाड दार. ते दार लागलं की रस्ता, लिफ्ट, जिन्यातली भांडणं, सगळं ओल्या फडक्याने पुसल्यासारखं नाहीसं व्हायचं. एका भिंतीत दुहेरी काच होती. काचेच्या आत पेशंट, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. काचेच्या बाहेर यंत्रासमोर ताई. तिनं सूर सोडायचा, पेशंटनं बटण दाबायचं, की यंत्रावरचा हिरवा दिवा लागायचा. सव्वीस वर्षं ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आली होती : "आवाज आला की दाबा. अंदाजाने दाबायचं नाही."

तेच वाक्य त्या मंगळवारी, डबा खाता खाता, तिनं मासिकात छापलेलं वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कथा दादाची होती. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. विज्ञानकथा लिहायचा, बक्षिसं मिळवायचा आणि व्यासपीठावरून शास्त्रीय अचूकतेवर तासभर बोलायचा. ती अचूकता ताईची होती. त्याचं प्रत्येक हस्तलिखित आधी तिच्याकडे येई. ती चुका काढी, आकडे दुरुस्त करी, जे शक्य नाही ते नाही म्हणून सांगे. पराचा कावळा करणं हा दादाचा धंदा, पण पर दर वेळी हिचं असायचं. प्रस्तावनेत मात्र 'एका जाणकार स्नेह्याचे आभार'. स्नेह्याचे! सख्खी बहीण, तीही पुल्लिंगी करून टाकलेली. तेही तिनं गिळलं होतं. तिची अट एकच होती : एका कथेत एकच खोटं. बाकी सगळं खरं हवं.

ही कथा त्यानं तिला दाखवलीच नव्हती. आणि कथेत तिची खोली होती. खुर्चीचा फाटलेला हात होता, तिची वाकून बोलायची लकब होती. कथेतले पेशंट मात्र सूर नसतानाही बटण दाबत होते. तीनदा, मग थोडं थांबून एकदा. एकामागून एक, सगळे तसेच. शेवटी कथेतली ती बाई स्वतः आत जाऊन बसते, तिला काहीच ऐकू येत नाही, आणि ती हसत बाहेर येते.

तिनं तिथूनच फोन लावला.

"मला न विचारता छापलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ठकू."

"म्हणून विचारलंच नाहीस?"

तिनं फोन आपटला.

साडेतीनला एक निवृत्त बसचालक आले. उजवा कान झाला, डावा झाला. ती आकडे लिहायला खाली वाकली असताना हिरवा दिवा लागला. तीनदा. मग एकदा.

तिनं दार उघडलं. "काका, मासिकं वाचता का हो तुम्ही?"

"कुठली मासिकं? मला जवळचं दिसतच नाही."

"मग बटण का दाबलंत?"

"आवाज आला म्हणून." ते गोंधळले. "तुम्हीच म्हणालात ना, आला की दाबा?"

"कुठल्या कानात आला?"

त्यांनी आधी एका कानाला हात लावला, मग दुसऱ्या. "कानात नाही," ते हळूच म्हणाले. "मागे."

मागे पत्र्याची भिंत होती.

बुधवारी एका शिक्षिकेनं तसंच दाबलं. गुरुवारी सकाळी एका सुतारानं. ताईनं यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला पक्कड म्हणत. त्यानं वायरी बदलल्या, बटण बदललं, यंत्र उलटं करून झटकलंसुद्धा. "ताई, यंत्र ठणठणीत आहे. माणसंच बिघडली असतील," म्हणून तो हसला. ताई हसली नाही. तिच्या डोक्यात एकच होतं : दादानं कुणाकुणाला पढवून पाठवलंय. गंमत म्हणून. पुढच्या पुस्तकाला मसाला म्हणून.

गुरुवारी दुपारी चार वर्षांची एक मुलगी आली. जन्मापासून बहिरी. इतक्या लहान मुलांना बटण देत नाहीत. हातात लाकडी ठोकळा द्यायचा, तो त्यांनी कानाशी धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. मुलगी आईच्या मांडीवर बसली होती, ठोकळा कानाशी धरून. ताईनं सूर वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. ठोकळा हलला नाही.

तिनं यंत्र थांबवलं. कागदावर शेवटची खूण केली.

मुलीनं ठोकळा डब्यात टाकला. दुसरा उचलला, टाकला. तिसरा टाकला. चौथा कानाशी धरून थोडी थांबली, आणि टाकला.

ताईनं वाकून यंत्राचा प्लगच भिंतीतून उपटला.

तीन ठोकळे. मग एक.

आई मुलीला तशीच कडेवर घेऊन धावत बाहेर आली. तिचा चेहरा ओला झाला होता. "ऐकलं हो तिनं! पाहिलंत ना?"

"नाही," ताई म्हणाली. "तिनं नाही ऐकलं."

"मी डोळ्यांनी पाहिलं!"

"यंत्र बंद होतं. ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं."

बाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ताईला आपल्याच पेशाची लाज वाटली. "माझ्या पोरीचं एवढंसं बरं झालेलंही बघवत नाही का तुम्हाला?"

"उद्या दहाला या," ताई कसंबसं म्हणाली. "पुन्हा तपासू."

संध्याकाळी ती दादाच्या घरी थडकली. दार उघडताच तिनं चारही तपासण्यांचे कागद त्याच्या टेबलावर फेकले.

"चार वर्षांची पोर आहे, दादा! तिच्या आईला मी आज 'नाही' म्हणून सांगितलं. खेळ तुझा, आणि तोंड माझं! कुणाकुणाला पाठवलंस सांग."

दादानं कागद एकेक करून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"मी कुणालाही पाठवलेलं नाही."

"तुला शास्त्र लागतं ते गिलाव्यापुरतं. आत भिंत असो वा नसो, वरून गुळगुळीत दिसलं की झालं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास वीस वर्षं!"

"खरंय," तो म्हणाला. "काय होतं ते तू सांगायचीस. मी फक्त पुढे काय झालं ते लिहायचो. पण ही कथा तशी नाही, ठकू. गेल्या वर्षी तू माझे कान तपासलेस. तेव्हा तू मध्येच फोन घ्यायला बाहेर गेली होतीस."

"मग?"

त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. ते पाहून तिचा संताप आणखी चढला, कारण नाटकं करणं त्याला लहानपणापासून जमायचं.

"एका कथेत एकच खोटं, असं ठरलं होतं आपलं," ती म्हणाली.

"एकच आहे."

"कुठलं? ते बटण?"

"शेवट," दादा म्हणाला. "शेवट तेवढा खोटा आहे. खरा मला लिहवला नाही. ठकू, तू आत जाऊन बसू नकोस. एवढं एक माझं ऐक."

"मी तुझ्या कथेतली बाई नाही," ती म्हणाली आणि दार आपटून निघाली.

शुक्रवारी ती साडेनऊलाच पोचली. पक्कडला तिनं बोलावून ठेवलं होतं. यंत्राचा प्लग काढला, वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. मुलगी आणि तिची आई लवकरच आल्या होत्या. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीनं येताच ठोकळ्यांचा डबा मांडीवर ओढून घेतला.

"वीस मिनिटं," ताई पक्कडला म्हणाली. "काचेवरून नजर हलवायची नाही. नंतर कुणी काही म्हणालं, तर साक्षीला तू."

"बसा निवांत. मी आहे."

दार लागलं.

ती खुर्चीत बसली. हेडफोन लावले नाहीत. डोळे मिटले.

आधी स्वतःचा श्वास ऐकू आला. मग नाडी. मग गिळल्याचा आवाज. मग तेही मागे पडलं.

मागच्या भिंतीकडे तिनं मुद्दाम लक्ष दिलं.

काही नाही.

ती मनात सेकंद मोजत राहिली. बाराशे झाले.

काही म्हणजे काही नाही. तिला एकदम हलकं वाटलं. आता दादाला फोन करायचा, आणि असा करायचा की त्यानं जन्मात पुन्हा तिच्या खोलीचं नाव काढता कामा नये. या विचारानं तिला हसूच आलं.

ती उठली आणि हसतच बाहेर आली.

"पाहिलंस? काही नाही!"

पक्कडनं मान वळवली नाही. तो काचेतून आत पाहत होता.

तिला वाटलं, याला सांगितलेलं हा जरा जास्तच पाळतोय. "अरे, झालं," ती म्हणाली.

पक्कडनं घड्याळ पाहिलं. मग पुढे वाकून काचेवर बोटानं टकटक केलं.

"ताई, वीस मिनिटं झाली," तो काचेला म्हणाला. "डोळे उघडा आता."

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

बाकावर आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिनंही वर पाहिलं नाही.

"अरे, मी इथे आहे," ताई म्हणाली.

टक. टक. टक. मग टक.

तिनं वळून पाहिलं. मुलगी तिच्याकडे पाठ करून बसली होती. डब्यात चार ठोकळे पडले होते.

"पक्कड!" ताई ओरडली.

मुलीनं पाचवा ठोकळा डब्यात टाकला. मग सहावा उचलला आणि कानाशी धरून वाट पाहत बसली.